उजव्या हाताला शहर

प्रमोदिनीला तिच्या मुलीने एका रविवारपुरतं घराबाहेर काढलं होतं, आणि तिला दिवसभर लांब ठेवायची जबाबदारी माझ्यावर आली होती.

बाहेर काढलं म्हणजे भांडून नव्हे, अटी घालून. त्या दिवशी अकराच्या सुमारास निधीला बघायला मुलगा येणार होता. पुण्याचा, इथे बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. निधीचं म्हणणं, त्याने एकट्याने यावं, आणि आपल्याही घरात त्या वेळी मोठं माणूस नसावं. ज्यांनी बोलायचं त्यांना बोलू द्या. आईसाठी वेगळं कलम होतं. संध्याकाळी पाचच्या आत घराकडे फिरकायचं नाही. फोन करायचा नाही, सहज म्हणून नाही की चुकून लागला म्हणून नाही. मोडलंस तर यापुढे मी एकही स्थळ बघणार नाही.

निधी बोलते ते करते. चौथीत असताना तिने भेंडी खाणार नाही असं जाहीर केलं. आता ती सव्वीस वर्षांची आहे, संशोधन संस्थेत नोकरी करते, आणि भेंडी अजून खात नाही. म्हणून प्रमोदिनी घाबरली होती.

मुलीचंही चुकत नव्हतं. पहिला मुलगा आला तेव्हा त्याने निधीला विचारलं, तुम्हाला काय आवडतं. उत्तर प्रमोदिनीने दिलं. पुढचीही दोन उत्तरं तिनेच दिली. शेवटी तो बिचारा प्रमोदिनीकडेच तोंड करून बसला. दुसरे लोक नागपूरचे. त्यांना प्रमोदिनीने निधीच्या विषमज्वराची साग्रसंगीत हकीकत सांगितली, केस गळले होते त्यासकट. आता बघा किती दाट आलेत, हे तिला शेवटी सांगायचं होतं. पाहुणे तिथपर्यंत पोचलेच नाहीत.

या वेळी सूर्यकांतरावांना, म्हणजे निधीच्या वडिलांना, त्यांच्या भावाकडे पाठवलं. ते आनंदाने गेले, तिथे टीव्हीवर मॅच होती. प्रमोदिनीचं काय करायचं हा प्रश्न माझ्याकडे आला.

आमचा चौघांचा चालण्याचा गट होता. मी बसवनगुडीची, प्रमोदिनी मल्लेश्वरमची. गंगव्वा अथणीकडची, माझ्या घरामागे राहते आणि ज्वारीच्या भाकऱ्या करून घरोघर पुरवते. चौथे नरसिंहराव, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले असं ते सांगतात, आणि आम्ही ते मान्य करतो, कारण नाहीतर पुराव्यादाखल ते सबंध वंशावळ म्हणून दाखवतात. आम्हाला चालायला लावलं त्यांनीच. त्यांना जुन्या पडक्या दगडांचं वेड.

या शहराच्या चार बाजूंना चार जुने बुरुज आहेत. बुरुज म्हणायचं इतकंच. उंच खडकावर चार खांब आणि त्यावर एक छत्री, बस. शहराने यापलीकडे वाढू नये म्हणून कुणा केंपेगौडाच्या घराण्यातल्या राजाने या खुणा उभ्या केल्या, असं लोक सांगतात. शहराने ते मनावर घेतलेलं दिसत नाही. बुरुजांच्या मधे मधे किल्ल्याचा उरलेला तुकडा, एखादा दगडी मंडप, गुहेतलं देऊळ. सगळं जोडत गेलं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंतची पायपीट होते. आम्ही ती तुकड्यातुकड्यांनी केली होती, एका दमात कधीच नाही. मी म्हटलं, हाच रविवार.

गवीपुरच्या बुरुजापाशी सगळे उजाडता उजाडता जमलो. जानेवारी होता, केंपांबुधी तळ्यावर धुकं होतं. प्रमोदिनी दोन पिशव्या घेऊन आली. एकीत स्वेटर, चपलांचा जादा जोड, छत्री, आवळकाठी. दुसरीत काय ते तिलाही आठवत नव्हतं.

"घर सोडून निघालीस काय गं," गंगव्वा म्हणाली.

"झोप नाही लागली. मग हाताला येईल ते भरत बसले."

मी रस्ता ठरवूनच ठेवला होता. इथून लालबाग, तिथून हलसूर, आणि मेख्री सर्कलचा बुरुज शेवटी. तो मल्लेश्वरमच्या जवळ. पाच वाजता तिला तिथून सरळ घरी सोडता येईल. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

"स्वल्प थांबा अक्का," नरसिंहराव म्हणाले. "हे उलटं होतंय."

"काय उलटं?"

"शहर डाव्या हाताला येतंय. देवाला फेरी घालताना देव कुठल्या हाताला असतो? तुळशीला? पिंपळाला?"

"आपण काय पूजा करायला निघालोय?"

"नसेना का. चार बाजू फिरून मूळ जागी यायचं म्हणजे प्रदक्षिणाच ती. उलटी फेरी माणूस कुठे घालतो, मी सांगायला नको."

गंगव्वाने लगेच मान हलवली. आणि प्रमोदिनीचं तोंड एवढंसं झालं.

"आजच्या दिवशी नको गं," ती मला म्हणाली. "तिकडे मुलगी बघायला येतायत आणि इकडे आपण मढ्याभोवती फिरल्यासारखं फिरायचं?"

झालं. मी दिशा बदलली. उजव्या हाताला शहर ठेवून चामराजपेठेच्या रस्त्याला लागलो. चौघांची वयं मिळून दोनशेच्या वर जातील. पण आधी मेख्री सर्कल घ्यायचं म्हणजे मल्लेश्वरम किती वाजता येणार, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मार्केटजवळ किल्ल्याचा दरवाजा लागला. नरसिंहराव कमानीवरचं कोरीव काम दाखवत होते. प्रमोदिनी रस्त्यापलीकडच्या पानपट्टीतला, रुपया टाकायचा लाल फोन बघत होती.

"पोहे भिजवायचे सांगायचं राहिलं," ती म्हणाली.

"तिला कळतं."

"फोडणी कळते तिला. लिंबू कुठे ठेवलंय ते कळत नाही. लिंबू मी दुसऱ्या डब्यात ठेवलंय."

"बिनलिंबाचे खाईल तो."

"पुण्याचा आहे, आसावरी."

गंगव्वाने हात पुढे केला. "पर्स दे हिकडं." प्रमोदिनीने निमूट दिली. गंगव्वाने ती आपल्या कमरेला खोचली. गंगव्वाच्या कमरेला खोचलेली वस्तू परत मिळवायला तिची परवानगी लागते.

कॉटनपेठेतून जाताना प्रमोदिनी माझ्या बाजूने चालत होती, इतकी भरभर की मला धाप लागली. मधेच म्हणाली, "माझ्या वेळेला काय झालं माहितेय? माझे वडील आणि ह्यांचे वडील बोलत बसले होते. पावसाबद्दल आणि गुळाच्या भावाबद्दल. मी चहा ठेवला, आत गेले, आणि लग्न ठरलं. मला कोणी एक शब्द विचारला नाही. मीही बोलले नाही."

"सूर्यकांतराव चांगलेच आहेत की."

"चांगलेच निघाले. पण मला ते माहीत होतं का? तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलीच्या वेळेला असं मुक्यामुक्याने काही होऊ द्यायचं नाही."

"म्हणून समद्यांचं तूच बोलायलीस," मागून गंगव्वा.

प्रमोदिनी हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

मॅजेस्टिकच्या गर्दीतून बाहेर पडलो आणि मला वेळेची आठवण झाली. घड्याळात बघितलं. शेषाद्रिपुरम, मग मल्लेश्वरम. मुलगा यायच्या ऐन वेळेला आम्ही मुलीच्या आईला घेऊन तिच्याच दारावरून निघालो होतो. मी थांबले आणि तसं सांगून टाकलं.

नरसिंहरावांनी टोपीशी चाळा केला. "पॅलेस गुट्टहळ्ळीवरून जाऊ. लांब पडेल, पण जाता येतं."

"काही नको," प्रमोदिनी म्हणाली. "संपिगे रोडनेच चला. गल्लीच्या तोंडावरून नाक सरळ ठेवून जाईन. स्वतःच्या गल्लीला टाळायला मी काय चोर आहे?"

"चोर न्हाईस म्हणूनच भ्या वाटतंय," गंगव्वा म्हणाली. "चोर तरी गप जातोय."

शेवटी संपिगे रोडनेच गेलो. प्रमोदिनी मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गंगव्वा, पुढे नरसिंहराव. फुलवाल्या ओळखीच्या होत्या, त्या हाका मारत होत्या. प्रमोदिनी मान हलवत होती पण थांबत नव्हती. पंधरावा क्रॉस, म्हणजे तिची गल्ली, दिसायला लागली तेव्हा तिने माझा दंड धरला.

तेवढ्यात एक रिक्षा आमच्याशेजारी येऊन थांबली. आत एक मुलगा, इस्त्रीचा निळा शर्ट, मांडीवर मिठाईचा पुडा. त्याने नरसिंहरावांना हिंदीत विचारलं, पंधरावा क्रॉस हाच का, आणि कुलकर्णींचं घर कुठलं. रिक्षातून त्याच्यामागून बाईचा आवाज आला, स्वच्छ पुणेरी मराठीत.

"अद्वैत, नीट विचार. मघाशी असंच विचारलंस आणि आपण देवळात गेलो."

अद्वैत. हे नाव गेले पंधरा दिवस आम्ही प्रमोदिनीच्या तोंडून ऐकत होतो. नरसिंहरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

बोलली ती प्रमोदिनी. मराठीत.

"डावीकडे वळा. पिवळं गेट सोडून पुढचं. बेल दाबू नका, चालत नाही. कडी वाजवा. जोरात वाजवा, मागे स्वयंपाकघरात असलं की ऐकू येत नाही."

मुलाने तिच्याकडे नीट पाहिलं. कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, घामाने ओघळलेलं कुंकू. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"गल्लीत सगळे ओळखतात."

मग रिक्षात कुजबूज झाली. कुजबूज कसली, आम्हाला शब्द न् शब्द कळत होता. "आई, तू इथे उतर. मी फोनवर तिला कबूल केलंय एकटा येईन म्हणून. तुला कोपऱ्यापर्यंतच आणायचं ठरलं होतं." "मग मी काय रस्त्यात उभी राहू?" "रिक्षाने परत रूमवर जा ना." "या रिक्षावाल्याशी बोलू कुठल्या भाषेत?" आणि बाई उतरल्या. पैठणी काठाची साडी, पातळ सोनेरी पट्ट्यांच्या चपला, हातात पर्स घट्ट धरलेली. वय आमच्याएवढंच.

"तुम्ही मराठी आहात ना," त्या आम्हाला म्हणाल्या. "हलसूरकडे जाणारी बस कुठून मिळते? त्याची रूम तिकडे आहे."

"आम्ही तिकडेच चाललोय," प्रमोदिनी म्हणाली. "चालत. वाटेत एक बुरुज बघून. या आमच्याबरोबर."

मी तिच्या पायावर पाय दिला. तिने तो काढून घेतला.

मुलाचा जीव भांड्यात पडलेला दिसला. जाताना तो आमच्याकडे वळून "थँक यू काकू" म्हणाला आणि गल्लीत शिरला. प्रमोदिनीने शब्द दिल्याप्रमाणे नाक सरळ ठेवलं. डोळे मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मी पाहिलं ते.

बाईंचं नाव नीलिमाताई. आमची ओळख करून द्यायची वेळ आली. मी स्वतःचं नाव सांगितलं, नरसिंहरावांचं सांगितलं, आणि अडखळले. गंगव्वाने सावरलं. "मी गंगव्वा. आणि ही अक्का." इथे रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला अक्का म्हणतात. त्यात खोटं काहीच नव्हतं.

सँकी तळ्यापर्यंत नीलिमाताईंच्या सोनेरी पट्ट्यांनी त्यांच्या टाचा सोलून काढल्या. प्रमोदिनीने पिशवीतला जादा चपलांचा जोड काढून पुढे ठेवला. "थोड्या मोठ्या होतील." झाल्याच मोठ्या. फटफट आवाज करत त्या चालू लागल्या, आणि पायाचं दुखणं थांबल्याबरोबर बोलणं सुरू झालं. पुण्यात यांच्याही घरात कोणी यांना बोलू देत नसावं, असा मला संशय आला. अद्वैत लहानपणी कसा होता, त्याला काय पचत नाही, त्याचा पगार, त्याचा रूमपार्टनर भांडी कशी घासतो. प्रमोदिनी ऐकत होती. मधूनच तिचे ओठ हलायचे आणि मिटायचे. तिला इतका वेळ गप्प मी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. दात काढायला गेली होती तेव्हासुद्धा ती डॉक्टरशी बोलत होती.

मेख्री सर्कलचा बुरुज छोट्याशा बागेत आहे. खालून वाहनांचा आवाज, वर चार खांब आणि एक छत्री. आम्ही खडकावर टेकलो. गंगव्वाने भाकरी आणि शेंगाचटणी काढली. नीलिमाताईंनी अर्धीच घेतली, आणि मग हातातच धरून बसल्या.

"खरं सांगू का," त्या म्हणाल्या. "तुम्ही परक्या आहात म्हणून बोलते. तो नाही म्हणायला गेलाय."

गंगव्वाने चटणीचा डबा बंद केला.

"मार्चमध्ये अमेरिकेला चाललाय. टेक्सासला, कंपनी पाठवतेय. मला वाटलं लग्न करून पाठवावं. तो म्हणतो घाईघाईत कोणाच्या मुलीला उचलून नेणार नाही. मी तीन दिवस रडले तेव्हा म्हणाला, बरं, जाऊन येतो, पण उत्तर तुला आत्ताच सांगतो. आता ती पोरगी बिचारी नटून बसली असेल."

"नटणार नाही ती," प्रमोदिनी म्हणाली.

"काय?"

"आजकालच्या मुली नटत नाहीत म्हटलं."

तिने आपली भाकरी कागदात परत गुंडाळली, चारी कोपरे नीट दुमडून, जणू कोणाला पोस्टाने पाठवायची आहे. उठली आणि खडक उतरायला लागली. आम्ही मागोमाग.

जयमहल रोडला ती आमच्या कितीतरी पुढे होती. एका किराणा दुकानाच्या दारात लाल फोन दिसला तशी ती थांबली, वळली, आणि गंगव्वासमोर हात पसरला.

"पर्स."

"प्रमोदिनी."

"दे म्हणते ना."

गंगव्वाने माझ्याकडे पाहिलं आणि पर्स काढून दिली. नरसिंहरावांनी नीलिमाताईंना पलीकडच्या झाडाची माहिती सांगायला सुरुवात केली. ते साधं गुलमोहराचं झाड होतं, पण त्यांनी ते पुष्कळ ताणलं.

मी प्रमोदिनीजवळ गेले. तिने रिसीव्हर उचलला होता. दुसऱ्या हातात रुपया.

"दोनदा माझ्यामुळे मोडलं," ती म्हणाली. "आता तिसऱ्यांदा. आणि या खेपेला मला आधीपासून माहितेय आणि मी दगड बघत हिंडतेय. तिला निदान सांगू तरी दे. म्हणजे त्याने नाही म्हणायच्या आधी ती नाही म्हणेल. मान तरी राहील तिची."

"आणि शब्द?"

"शब्द काय चाटायचाय?"

रिसीव्हरमधून डायलटोनचा आवाज मलाही ऐकू येत होता. दुकानदार वहीत डोकं घालून बसला होता. मी म्हटलं, "तू सांगितलंस तर निधी त्याला तुझं वाक्य ऐकवेल. तिचं स्वतःचं उत्तर काय होतं ते ना तिला कळेल, ना तुला."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग आला असावा. मलाही माझ्या शहाणपणाचा राग आला होता. माझ्या घरात लग्नाचं कोणी नाही, मला बोलायला काय जातं.

तिने रुपया फोनच्या फटीला लावला. धरून ठेवला. मग रिसीव्हर जागेवर ठेवला, इतक्या हळू की टिंग असा आवाजसुद्धा झाला नाही, आणि तरातरा रस्ता ओलांडून झाडाखाली गेली.

"नीलिमाताई," ती म्हणाली, "मी निधीची आई."

नरसिंहराव गुलमोहराच्या मधोमध थांबले.

नीलिमाताईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत? मी काय काय बोलले."

"मी घरात नसायचं ठरलंय. घर म्हणजे तुम्हीही आलात त्यात. तुमच्याशी बोलून मला काही ठरवायचं नव्हतं."

"पण मला बोलू दिलंत. आमचं घरातलं सगळं काढून घेतलंत आणि स्वतः गप्प बसलात."

"गप्प बसणं मला किती जड गेलंय ते यांना विचारा."

"याला फसवणं म्हणतात."

"आणि नाही म्हणायचं ठरवून मुलगी बघायला पाठवणं, त्याला काय म्हणतात?"

दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या. एक कॅनव्हासच्या बुटात, एक तिच्याच चपलेत. सायकलवाले वळून वळून बघत होते. गंगव्वा मधे पडायला निघाली, मी तिला धरलं. नीलिमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पर्स उघडून चुरगळलेला रुमाल शोधायला लागल्या. तो सापडायच्या आतच म्हणाल्या, "थांबा. मी त्याला फोन करते. म्हणते, नीट बोल त्या मुलीशी, तोडून बोलू नकोस. नंबर द्या तुमचा."

"नाही," प्रमोदिनी म्हणाली.

"दुखवेल हो तो तिला. त्याला गोड बोलता येत नाही."

"तिलाही येत नाही. तुम्ही फोन करायचा नाही. मी नाही केला, तुम्हीही नाही."

नीलिमाताईंनी पर्स मिटली. आम्ही चालायला लागलो. चपलांची फटफट तेवढी चालू होती.

हलसूरचा बुरुज लष्कराच्या हद्दीला लागून आहे. आम्ही तो तळ्याच्या बाजूने लांबूनच पाहिला. इथून नीलिमाताईंच्या मुलाची रूम जवळ. नरसिंहराव रिक्षा थांबवायला पुढे झाले.

"अजून किती बुरुज आहेत?" नीलिमाताईंनी विचारलं.

"एकच. लालबागेतला. मग मूळ जागी परत."

"मग मी येते. त्या रिकाम्या खोलीत बसून मी काय करू? त्या पार्टनरची भांडी घासू?" प्रमोदिनीकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, "राग गेलाय असं समजू नका."

"माझाही गेलेला नाही," प्रमोदिनी म्हणाली. "आवळकाठी खाणार?"

त्यांनी घेतली.

रिचमंड रोडपासून दोघींना एकमेकींच्या चालीची सवय झाली असावी. एक थांबली की दुसरी थांबायची. मुलांबद्दल अक्षर नाही. वांग्याबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. प्रत्येक फोनपाशी मात्र दोघींची मान वळायची, आणि दोघीही ते एकमेकींना दिसू नये म्हणून धडपडायच्या. लालबागेतल्या खडकावर चढलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नीलिमाताईंनी विचारलं, एवढ्या जुन्या दगडांत बघायचं काय असतं. नरसिंहरावांनी आयुष्यात पहिल्यांदा छोटं उत्तर दिलं. "काही नाही. दिवस जातो."

गवीपुरला फेरी पुरी झाली. नीलिमाताईंना गंगव्वाने चहाला नेलं. नरसिंहराव त्यांना नंतर रूमवर पोचवणार होते. चपला उद्या परत करते, म्हणाल्या. प्रमोदिनी "राहू द्या" म्हणाली आणि मला घेऊन मल्लेश्वरमच्या बसमध्ये चढली. एकटी घरात शिरले तर पहिल्या पायरीवरच तोंड सुटेल, म्हणून तिला मी बरोबर हवी होते. बसमध्ये ती एकदाच बोलली. "मला माहितेय हे तिला कळता कामा नये. चेहऱ्यावर दिसतंय का?"

दिसत होतं. मी म्हटलं, दमलेली दिसतेस.

पाच केव्हाच वाजून गेले होते. निधीने दार उघडलं, साधा सलवार-कमीज, केस क्लिपमध्ये कसेबसे अडकवलेले. घरात दुसरं कोणी नव्हतं. ओट्यावर दोन ताटल्या, दोन कप, आणि कापलेलं लिंबू. तिला ते सापडलं होतं.

प्रमोदिनी आत आली, बूट काढले, खुर्चीवर बसली. मी वाट बघत होते. निधीही वाट बघत होती, हाताची घडी घालून, उत्तरं तयार ठेवून. काही आलं नाही.

"काय बघितलंत?" शेवटी निधीनेच विचारलं.

"बुरुज."

"चारही?"

"चारही."

"मग?"

"पाय भरून आलेत. जरा तेल गरम कर."

निधीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. तिने तेल गरम करून आणलं, आईच्या पायाशी खाली बसली, पाऊल मांडीवर घेतलं आणि चोळायला लागली. थोडा वेळ चोळलं. थांबली. परत चोळलं.

"तू विचारणार नाहीयेस का?"

"नाही."

"बरं नाहीये का तुला?"

"तू चोळ."

मुलीची अशी तगमग मी कधी पाहिली नव्हती. ती अंगठ्यापासून टाचेपर्यंत गेली, परत आली, आणि मग पावलाकडेच बघत बोलायला लागली.

"तो नाही म्हणायलाच आला होता. अमेरिकेला चाललाय. आल्या आल्या दारातच सांगितलं त्याने, पुडासुद्धा हातातच होता."

प्रमोदिनीने पदराचं टोक दातात धरलं.

"मला इतकं बरं वाटलं, आई. कारण मीही नाहीच म्हणणार होते. मला पीएचडी करायचीय. तुला कसं सांगायचं हेच कळत नव्हतं. तू रडशील असं वाटायचं. तो म्हणाला, माझी आई तीन दिवस रडली, काही होत नाही, सांगून टाक." ती थांबली. पाऊल तिच्या हातात तसंच होतं. "मग पोहे केले. आणि साडेतीनपर्यंत बोलत बसलो."

"कशाबद्दल?"

हा प्रश्न प्रमोदिनीने विचारला नव्हता. तो माझ्या तोंडून गेला होता. प्रमोदिनीने पदर न सोडता माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसरं पाऊल मुलीच्या मांडीवर ठेवलं.